मोठा फ्यूज, थेट वायर आणि खोबरेल तेल: एका फॉरवर्डला उत्तर

मृग लागला की आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर अळंब्यांसारखा उगवतो. यंदाही उगवला. बंपरवर लावलेले जादा दिवे घाटात मंद होत असतील, मधूनच विझत असतील तर वायरमनकडे पैसे घालवू नका, घरच्या घरी करा, असं त्याचं म्हणणं. उपाय असे: फ्यूज उडतोय तर त्याहून मोठा टाका. मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, दिवा बदला. अर्थिंग (दिव्याची निगेटिव्ह वायर) बॉडीला कुठेही पिळलं तरी चालतं. जोडांवर टेप गुंडाळून खोबरेल तेलाचा हात फिरवला की पावसाळा निभावतो. आणि रिले (बारीक करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट जोडणारा स्विच) हा दुकानदाराचा धंदा आहे, काढून टाका, बॅटरीवरून स्विचला थेट वायर घ्या. खाली ताजा कलम: धुक्यात पिवळाच दिवा लावा.

मी देवगडच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग करतो. हा मजकूर लिहिणारा माणूस घाटावरचा असावा. खाऱ्या वाऱ्याशी त्याची गाठ पडलेली दिसत नाही.

फ्यूजपासून सुरुवात करू, कारण आग लागते ती इथेच. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ ने भागा, सव्वानऊ अँपिअरच्या आत येतं. त्याला निळा, १५ चा फ्यूज पुरून उरतो. तो उडत असेल तर एक तर कुणी १०० वॅटचे बल्ब घातलेत (मग जोडी पावणेसतरा अँपिअर ओढते), नाही तर वायर सोलून कुठेतरी पत्र्याला टेकतेय. अशा वेळी हिरवा ३० चा फ्यूज टाकला की तो उडायचा थांबतो खरा, पण आता जळायची पाळी वायरची.

टेकलेली जागा शोधायची युक्ती जुनी आहे आणि फुकट आहे. दिव्यांचे कपलर (वायर दिव्याला जोडणारे प्लग) सोडवा. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वायरीने जोडा आणि स्विच द्या. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे वायर तापत नाही आणि तुम्हाला शोधायला सवड मिळते. आता वायरिंग हलवत, चाचपत पुढे जा. जिथे हात लागताच बल्ब विझला किंवा लुकलुकला, तिथे टेप कापून बघा. बहुतेकदा बंपरच्या ब्रॅकेटची धार नाही तर रेडिएटरच्या पत्र्याची कड निघते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, हे मजकुरात कुठेच नाही. वायरच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला निराधार सोडतो.

आता १२ व्होल्टची गोष्ट. या एका वाक्याने लोकांचे सर्वाधिक पैसे खाल्ले असतील. आंब्याच्या पेट्या घेऊन रात्री करूळ घाटाने कोल्हापूरला जाणारा एक पिकअपवाला माझ्याकडे आला. "दिवे पेटतत, पण उजेड पडणा नाय." त्याने दोनदा दिवे बदलले होते, कारण कपलर काढून मीटर लावला की तिथे १२.४ दिसायचे. मजकुराप्रमाणे वायर चांगली, दिवा खराब.

डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायर आतून सडून दोनच तारा शिल्लक असल्या तरी त्यांतून मीटरपुरतं व्होल्टेज पोचतं आणि आकडा झकास येतो. बाग विहिरीपासून लांब असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. नळी चेपलेली असली तरी टोकाला अंगठा दाबून धरला तर दाब पुरेपूर लागतो, अंगठा काढला की पाणी करंगळीएवढं. वायरची परीक्षा दिवा पेटलेला असतानाच होते. कपलर जोडलेलाच ठेवायचा, दिवे लावायचे, इंजिन चालू ठेवायचं, आणि मग मीटरची एक टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह टोकावर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर मी त्या बाजूला हात लावत नाही. मग हेच निगेटिव्हकडून: दिव्याच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. त्या पिकअपला पॉझिटिव्हकडून ०.३ आणि अर्थकडून २ च्या वर निघाले. दिवे, वायर, फ्यूज सगळं ठीक होतं. करंटला परत जायची वाट बुजलेली होती.

म्हणजे आपण थेट "अर्थिंग कुठेही पिळा"वर आलो. त्याने बंपरच्या रंगवलेल्या बोल्टखाली वायर पिळली होती. रंगातून करंट जात नाही, तो आट्यांतून कसाबसा जातो, आणि आट्यांत मीठ बसलं की तेही बंद होत येतं. तिथे पाव ओहमचा अडथळा झाला तरी ५५ वॅटच्या जोडीचे जवळपास २ व्होल्ट त्या बोल्टात जातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. साधारण दीड व्होल्ट कमी झाले की उजेड ६० टक्क्यांच्या आसपास उरतो. हरवलेली वीज जाते कुठे? त्या बोल्टात पंधरा वॅटची उष्णता होऊन, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नएवढी. कपलर वितळलेला दिसतो तो त्याच्या पिनेत असाच अडथळा झाल्यामुळे, आणि लोक म्हणतात कंपनीने माल हलका दिला. एलईडी असेल तर लक्षण वेगळं दिसतं. आतला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) बराच वेळ उजेड सावरून धरतो आणि मग एकदम लुकलुकायला लागतो. रोग तोच.

इलाज साधा. पत्रा पांढरा होईपर्यंत घासायचा, वायरला गोल लग (बोल्टात बसणारी कडी) क्रिंप करायचा, म्हणजे दाबून बसवायचा, खाली दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, आणि वरून ग्रीस किंवा रंग. मी तर दोन्ही दिव्यांची अर्थ वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेतो. दोन मीटर वायर जास्त जाते. बंदरावर बर्फाच्या पेट्या उतरवणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर माझा भरवसा नाही.

टेप आणि खोबरेल तेल. तांबं खाऱ्या दमट हवेत हिरवं पडतं हे देवघरातल्या ताम्हनाने सगळ्यांना शिकवलेलं आहे. वायरच्या आत ते काळं पडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. पिळलेल्या जोडातून खारं पाणी तारांच्या मधल्या फटींतून वर चढतं, कधी कधी वीतभर. टेप पाणी अडवत नाही, आत शिरलेलं धरून ठेवतो. टेप सोडवल्यावर निघणारा तो काळा चिकट लगदा पाहिला की मी जोड दुरुस्त करत नाही, चमकदार तांबं लागेपर्यंत वायर मागे कापतो. मग क्रिंप, आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह, गरम करून आवळलेली. तेलाने पाणी थोडे दिवस लांब राहतं, पण बंपरखाली रस्त्याचं पाणी धडाधडा बसतं तिथे ते किती टिकणार? शिवाय खोबरेलाच्या वासाने उंदीर येतात. गाडी माडाखाली उभी करणाऱ्यांना मी यावर जास्त सांगत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावा, बाकी जोडांना सिलिकॉन ग्रीस.

पिवळ्या दिव्याबद्दल एकच. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीच्या मानाने खूप मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा जवळजवळ सारखेच उधळतात. आंबोलीच्या धुक्यात उपयोगी पडतो तो खाली लावलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत. लांब फेकणारा ड्रायव्हिंग लाइट पिवळा केला तरी समोर पिवळी भिंत उभी राहते.

रिलेबद्दल मजकुराचं एक खरं आहे: बाजारात हलके रिले भरपूर आहेत. पण थेट वायरचा हिशेब बघा. बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत आणि परत बंपरपर्यंत पाच मीटर सहज होतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वानऊ अँपिअरला तिथेच दीड व्होल्ट जातात, वर स्विचचे पॉइंट जळतात ते वेगळं. रिले लावला की बारीक वायर फक्त रिलेच्या कॉइलला (आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याला), जो पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, आणि जाड अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून दिव्याला. ८५ आणि ८६ कॉइलचे. रिले पिना खाली करून बसवा, नाही तर त्यात पाणी साठतं. लांब झोताच्या दिव्यांची कॉइल अप्परच्या वायरवर घेतली की डिप्पर करताच ते विझतात, आणि घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या शिव्या वाचतात.

आणि याच ठिकाणी पुष्कळांचा रिले "खराब" ठरतो. एकाची तक्रार अशी की अप्पर दिला की जादा दिवे विझतात, डिप्पर केला की पेटतात. तीन रिले बदलून झाले होते. काही गाड्यांत हेडलाइटला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो. तिथे अप्पर बंद असताना त्याच्या वायरवर फिलामेंटमधून १२ व्होल्ट येतात, चालू केला की शून्य. कॉइलचं एक टोक त्या वायरला आणि दुसरं अर्थला दिलं की सगळा कारभार उलटा होतो. मी ते दुसरं टोक अर्थवरून काढून इग्निशनच्या पॉझिटिव्हला दिलं, दहा मिनिटांचं काम. काढलेले तीनही रिले चांगले होते. एक त्याने हॉर्नला लावून घेतला.