पशुपतिनाथाला गाडी नेताय? आधी पॉलिसीचं पहिलं पान बघा

श्रावण जवळ आला की परळी-अंबाजोगाईकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘नेपाळ-भूतानला आपली गाडी बिनधास्त न्या. फुल इन्शुरन्स तिथं आपोआप चालतो. त्यापुढं जायचं तर आरटीओतून आयडीपी (इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट) काढा, विमा-बिमा सगळं त्यात येतं.’ यातलं गाडी नेता येते एवढंच खरं.

शेजारचे काका इनोव्हा घेऊन काठमांडूला निघालेत. परवा त्यांच्या मोबाइलवर पॉलिसी उघडली, बोटांनी मोठी केली. गाडीच्या नंबराखाली बारीक ओळ: ‘जिऑग्राफिकल एरिया: इंडिया.’ काका म्हणाले, “अरे, पण फुल आहे ना?” फुल म्हणजे थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसान अन् चोरीही, पण भारताच्या हद्दीत. नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की ते कवच मागंच राहतं.

सोय आहे, पण मागून घ्यावी लागते. आयएमटी १ नावाचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीची पुरवणी, जोडलं की नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव यांपैकी मागाल तिथं विमा वाढतो. २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, त्याचा जादा हप्ता फुलला ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये असा होता. पेट्रोलच्या मानानं काहीच नाही! गाडी जहाजातून नेताना झालेलं नुकसान मात्र यात बसत नाही.

आयडीपीचं म्हणाल, तर तो माणसाचा कागद, गाडीचा नाही. आपल्याच लायसन्सची बाहेरच्या पोलिसाला वाचता येईल अशी प्रत. मुदत फार तर एक वर्ष, सोबत मूळ लायसन्स लागतंच. त्यात विम्याचा एक शब्द नसतो. नेपाळात तर आपलं साधं लायसन्स चालतं. तिथं लागतो तो भन्सार, म्हणजे गाडीचा दिवसावर आकारला जाणारा कस्टम परवाना. दिवस कमी सांगून पैसे वाचवायला गेलात, तर परतताना दंड.

दूर युरोपापर्यंत गाडी न्यायची तर वाटेत बऱ्याच देशांत कार्ने नावाचं कागदपत्र लागतं. पण गाडी परत नेईन, विकणार नाही, एवढीच ती कस्टमला दिलेली हमी. विमा तिथला वेगळा घ्यायचा.

काकांनी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, “कशाला लागतंय, तिकडं कुणी विचारत नाही.” काकूंनी फोन हातातून घेतला अन् सांगितलं, “तेवढं लिहून पाठवा.” संध्याकाळी एन्डोर्समेंटचा फॉर्म आला.