स्नायूचा ताठपणा मोजणाऱ्या यंत्राचं रीडिंग सकाळ-संध्याकाळ वेगळं येतं, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

पार्सल उशिरा पोचलं आणि तुमचे पेशंट खोळंबले, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. गणपतीत आमच्या कुडाळ एमआयडीसीत कामाला माणूस मिळत नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं. तरी त्रास तुम्हाला झालाच.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "खेळणं आहे. एकाच पेशंटच्या पोटरीवर सकाळी 310, संध्याकाळी 390. किलोपास्कलमध्ये आकडाही देत नाही. एवढे पैसे कशाचे?" हे वाचल्यावर त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कुणाला जेवण गेलं नाही. स्नायूचा ताठपणा मोजणारं हे हातातलं यंत्र आम्ही मोजक्या माणसांनी उभं केलंय. नवीन ऑर्डर देणारे आधी हेच रिव्ह्यू वाचतात, म्हणून आकड्यांबद्दल बोलणं भाग आहे.

तुमचा फोन आला तेव्हा आम्ही पेटीतली सिलिकॉनची वडी तपासायला सांगितली होती. तुम्ही ती पुन्हा पुन्हा दाबलीत आणि दर वेळी आकडा जुळला. सेन्सर बिघडला असता तर तो वडीवरही घसरला असता. रिव्ह्यूमध्ये याचा उल्लेखच नाही, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मग पोटरीवर फरक का आला? तुम्ही पाठवलेल्या दोन्ही व्हिडिओंत ते दिसतंय. सकाळी पेशंट टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलाय, गुडघा वाकलेला. संध्याकाळी तो पालथा झोपलाय, गुडघा सरळ. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो, सरळ केला की ताणला जातो, आणि ताणलेला स्नायू जास्त ताठ लागणारच. हे तुम्हाला आम्ही शिकवावं असं नाही, तुम्ही डॉक्टर आहात. पण यंत्राने तो फरक पकडला आणि दोष यंत्रालाच मिळाला.

दाबणारा हात माणसाचा असतो, कधी जोरात तर कधी हळू. म्हणून त्वचेवर टेकणारी बाहेरची कडी वेगळी ठेवलीय आणि आतली 8 मिमीची चकती मोटर ढकलते, दर वेळी त्याच वेगाने, 4 मिमीच खोल. वेग सारखा ठेवावाच लागतो, कारण मांस झटकन दाबलं तर जास्त ताठ लागतं आणि सावकाश दाबलं तर मऊ. शेजारच्या क्लिनिकमधलं यंत्र 15 मिलिसेकंदांची टिचकी मारून स्नायूची थरथर मोजतं. आमचं सावकाश दाबतं. दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आणि ते जुळवून दाखवणं खोटेपणा ठरेल. पहिले काही दाबही यंत्र मोजत नाही, कारण जिवंत ऊती थोडं दाबून-सोडून झाल्यावरच स्थिर उत्तर देते. तो वेळ तुम्हाला "यंत्र अडकतं" असा वाटला.

राहिले किलोपास्कल, म्हणजे ऊतीचा स्वतःचा ताठपणा सांगणारं एकक. खाली हाड जवळ असेल तर वरची तीच ऊती जास्त ताठ भासते. हेज आणि सहकाऱ्यांनी 1972 साली सांध्याच्या कूर्चेसाठी त्याचं गणित मांडलं, त्यात थराची जाडी लागते. जाडी कळायला सोनोग्राफी हवी. ती नसताना किलोपास्कलचा आकडा छापणं आम्हाला पटलं नाही, म्हणून न्यूटन प्रति मीटरच देतो, म्हणजे जितकं खोल दाबलं त्याला किती जोर लागला तेवढंच.

किंमत पाहा: लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा सेन्सर, बाहेरून येतो, आणि प्रत्येक यंत्र प्रमाणित वजनं लावून तपासल्याशिवाय पेटीत जात नाही. कोकणातल्या दमट हवेत पॅकिंगही दुहेरी करावं लागतं.

मॅन्युअलमध्ये पेशंटला कसं झोपवायचं ते फोटोसकट, मराठीतून घालतोय. कुरिअरचंही काहीतरी बघतो.

आता पेशंटला दोन्ही वेळा पालथं झोपवून, पाय टेबलाबाहेर ठेवून, त्याच खुणेवर मोजून बघा, एवढी विनंती. तरीही आकडे फिरले तर यंत्र परत पाठवा, जाण्या-येण्याचा खर्च आमचा. स्वतः यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, कुडाळ स्टेशनवर घ्यायला येतो.