पणजोबा बघायचेत? आधी कृती समिती काढा

कोल्हापुरात काम अडलं की आपण काय करतो? सर्वपक्षीय कृती समिती काढतो. टोल घालवला, हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी चाळीसेक वर्षं दम धरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणलं, नांदणी मठाची माधुरी हत्तीण अंबानींच्या वनतारात नेली तेव्हा तर लोकांनी त्यांच्या कंपनीची मोबाईलची कार्डं बदलली. मग जनगणनेचे जुने कागद बघायला मिळावेत म्हणून एक समिती निघायला काय हरकत आहे? काढाच. फक्त माझं थोडं ऐकून घ्या, म्हणजे माझ्यासारखं हसं व्हायचं नाही.

मागणी नेमकी काय आहे, हे कुणालाही नीट सांगू नका. बॅनरवर ‘जनगणना खुली करा’ एवढंच लिहा आणि खाली चाळीस फोटो लावा. नीट सांगायला गेलात तर समजावत बसावं लागेल, की आकडे खुलेच आहेत हो. १९०१ साली कोल्हापूर संस्थानात ९,१०,०११ माणसं होती, हे जुन्या गॅझेटियरात छापलंय. आपलं घोडं अडलंय ते त्या आकड्यातल्या शेवटच्या अकरापाशी. त्या अकरांत तुमचे पणजोबा असतील तर त्यांनी धंदा काय सांगितला, वय किती लावलं, लिहिता-वाचता येतं का या रकान्यात काय पडलं? ते ज्या कागदावर उतरवलं, तो कागद आपल्याला हवाय. एवढं ऐकेपर्यंत सभेतली निम्मी माणसं मिसळीच्या गाडीवर पोचलेली असतात.

कार्यालयात गेलात तर कारण खरं सांगू नका. मी सांगितलं. खिडकीतल्या भाऊंनी विचारलं, “कुठलं साल पाह्यजे?”

“एकावन्न.”

“कशाला वो? दाखल्याला?”

“नाही, आजोबांचं नाव बघायचंय. नुसतंच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि शिपायाला म्हणाले, “ह्यास्नी जरा पाणी दे रं.”

तेव्हा ‘दाखल्याला’ असंच म्हणा. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी शाळांची जनरल रजिस्टरं, कोतवाल बुकं, मोडीतली दप्तरं, सगळं बाहेर निघालं. मोडी वाचणाऱ्याला एकदम जावयाचा मान आला. दाखला म्हटलं की कपाटं उघडतात. उत्सुकता हा रकाना मात्र कुठल्याच फॉर्मवर नाही.

जनगणना कायदा १९४८, कलम १५ पाठ करायचे कष्ट घेऊ नका, तुम्हाला तो कुणीही ऐकवेल. प्रगणकानं लिहिलेला कागद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि दिवाणी दाव्यात तो पुरावा म्हणूनही चालत नाही. किती वर्षं? ते लिहिलेलंच नाही. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी उघडतात, कॅनडात ब्याण्णव, अमेरिकेत बहात्तर. आपल्याकडं आजी वारली, पण तिनं प्रगणकाला चार वर्षं कमी सांगितलेलं वय सरकार पोटात घेऊन बसलंय. सात चिरंजीव आपल्याला ठाऊक होते. हे आठवं.

गुप्ततेला कारण आहे, हे मी मानतो. आपलं सांगणं उद्या शेजाऱ्याच्या हाती पडणार म्हटलं तर दारात आलेल्या माणसाला खरं कोण सांगेल? म्हणून मागणी मेलेल्यांच्या कागदांची आहे, शंभर वर्षांनंतरची. पण इतकं शहाणं बोलणं सभेत टाळा. ‘हा कुणाचा माणूस?’ अशी कुजबुज सुरू होते.

परदेशाचे दाखले तर मुळीच देऊ नका, चळवळीचा नूर जातो. इंग्लंड-वेल्सचे १९११ चे कागद २०१२ ला उघडायचे होते. एका नागरिकानं माहितीचा अर्ज केला, २००६ मध्ये माहिती आयुक्तांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि २००९ पासून कागद खुले झाले. आजारपण-अपंगत्वाचा रकाना तेवढा २०१२ पर्यंत झाकून ठेवला. एकटा माणूस! ना मोर्चा, ना फ्लेक्स. ऐकूनच कार्यकर्ते खचतात.

आसामचं तर नावच काढू नका. तिथं १९५१ च्या जनगणनेवरून नागरिकांची नोंदवही बनवली होती. ती गुपितं २०१५ मध्ये संगणकावर आली, नावानिशी, कुटुंबवार, ज्याला हवा त्यानं आपला आजोबा शोधावा म्हणून. न शोधून भागणारच नव्हतं, कारण सवाल नागरिकत्वाचा होता. २०१९ च्या अंतिम यादीतून एकोणीस लाखांवर माणसं बाहेर राहिली. म्हणजे ‘पणजोबा दाखव’ असं सरकार म्हणालं की कागद सापडतात. तेच आपण म्हणालो की कलम १५.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. सवयीनं त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. जनगणना केंद्राच्या अखत्यारीत, तिथं स्टॅम्प चालत नाही, दहा रुपयांचीच पोस्टल ऑर्डर वगैरे लागते. अर्ज परत येतो, आणि आंदोलनाचा पहिला महिना काहीतरी केल्याच्या समाधानात जातो. अर्जात पहिला प्रश्न चुकूनही हा घालू नका, की काय शिल्लक आहे, कुठं आहे, आणि टाकून दिलं असेल तर कुठल्या आदेशानं? कारण याचं उत्तर आलं तर काय करायचं? इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले, अमेरिकेचे १८९० चे बहुतेक १९२१ च्या आगीनंतर संपले. आपल्याकडं आगीची वाट कोण बघतो? प्रगणकांनी भरलेल्या चिठ्ठ्या बेरजेसाठी होत्या, बेरीज झाली, त्यांचं काम संपलं. शिवाय पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. तळमजल्यावरच्या गठ्ठ्यांना ही भाषा कळत नाही.

२०२१ ची जनगणना लांबत लांबत २०२७ वर आली आहे, आता नोंद मोबाईलवर. प्रगणक बाई दारात आल्या की त्यांना च्या द्या. त्या विचारतील ते सगळं एका दोनशे पानी वहीत स्वतःही लिहून घ्या. आजीचं वय खरं लिहा. वही माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, पाणी चढणार नाही इतकी उंच ठेवा.

पुढं पणतू मागायला आला तर लगेच देऊ नका. पोस्टल ऑर्डर आणायला पाठवा.