काका, प्रश्न लोखंडाचा नाहीच

नमस्कार काका (निवृत्त झालोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते),

गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. लोखंड देशाचं, ते मूठभरांनी का अडवायचं, आणि ग्रामसभेचे ठराव म्हणजे बाहेरच्यांनी लिहून दिलेले कागद, असा तुमचा रोख. खाणीने तिथल्या पोरांना नोकऱ्या मिळतात, हेही तुम्ही लिहिलंत. शिवाय 'तुमचा मोबाईल काय झाडाला लागतो?' नाही लागत. माझा तवाही कुठल्यातरी डोंगरातूनच आलाय. पण डोंगरावर राहणाऱ्याला विचारायचं नाही, हे त्यातून कसं निघतं?

बाहेरच्यांच्या कागदांचा आरोप मात्र मोठा आहे, नुसतं 'छे' म्हणून भागणार नाही. ओडिशातलं नियमगिरी बघा. बॉक्साइटसाठी (अॅल्युमिनियमचं खनिज) डोंगर हवा होता. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या लेखी तो त्यांच्या देवाचा, नियमराजाचा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. डोंगरात वाड्या शंभरावर, त्यांतल्या १२ राज्य सरकारनेच निवडल्या (एवढ्याच का, यावरून तेव्हा ओरडही झाली). निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीश आणि भोवती पोलीस. त्यात इजुरुपा तर एकाच घराची वाडी, तेही घर बिगर-आदिवासी. बाराही ठिकाणांहून उत्तर आलं: नाही. गावं सरकारने निवडलेली, देखरेख न्यायाधीशांची. मग बाहेरच्याने शिरायचं कुठून?

आता आपल्याकडे या. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकुरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते. तिथे २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. खाण वाढवायची म्हणून २०२२ मध्ये जनसुनावणी झाली, ती गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, खाणीपासून शंभरावर किलोमीटर लांब. नियमगिरीत न्यायाधीश डोंगर चढून गेले; इथे डोंगरानेच खाली उतरावं अशी अपेक्षा. मोहफुलं वेचायला पहाटे बाहेर पडणारी बाई हजेरीचा दिवस बुडवून, गाडीभाडं भरून तिथे जाणार कशी? विचारल्याची नोंद तेवढी झाली.

याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्याचा वाहतूक परवाना हाती पडायला २०११ उजाडलं. तोही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. खाणीच्या फायली मात्र किती भराभर सरकतात, ते तुम्ही सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला मी काय सांगणार!

नोकऱ्यांचं तुमचं म्हणणं मात्र मला टोचलं, कारण ते खरं आहे. एटापल्लीकडे ज्या घरी मी जेवले, तिथला मुलगा खनिजाच्या ट्रकवर होता आणि आईने खाणीविरोधातल्या मोर्च्यासाठी भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. संध्याकाळी दोघं एकाच चुलीपाशी बसले. भांडले नाहीत, बोललेही नाहीत. हे मी लेखात लिहायला हवं होतं. त्याऐवजी 'सगळा इलाका खाणीच्या विरोधात' असं ठोकून दिलं. ते वाक्य आज लेखातून काढते आहे.