यूएनच्या कार्डावर ‘सगळं फुकट’? एकेक दावा तपासून पाहू

व्हॉट्सॲपवर वेगवेगळ्या शब्दांत फिरणाऱ्या एका मजकुराचा गाभा असा असतो: ‘भारतात शिरायचं, दिल्लीला जाऊन यूएनचं निर्वासित कार्ड काढायचं. मग घर, रेशन, दरमहा पैसे, आधार, सगळं फुकट. पोलीस हात लावू शकत नाहीत. दोन-चार वर्षांनी कॅनडा-अमेरिकेला रवानगी. आणि तोवर आपल्या शाळा, आपले दवाखाने, आपल्या कराचा पैसा.’

हा मजकूर शाळेतल्या लिपिकाने वाचलेला असतो, केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने वाचलेला असतो आणि घरमालकानेही. म्हणून म्यानमारहून किंवा अफगाणिस्तानातून आलेली बाई लेकराला घेऊन समोर उभी राहिली की उत्तर ठरलेलं असतं: ‘तुमचं यूएन बघून घेईल.’ कायद्याने जे थोडं मिळायला हवं तेही अशा खिडक्यांवर अडतं. हे नुकसान खरं आहे, म्हणून मजकुरातलं एकेक वाक्य घेऊ.

‘कुणीही जावं आणि कार्ड काढावं’

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचं काम सरकार स्वतः पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्त कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीतून करतं. हे कार्यालय भारतात १९८१ पासून काम करतं.

नोंदणी झाली म्हणजे माणूस निर्वासित ठरला असं नाही. नोंदणीला कुटुंबातल्या सगळ्यांनी हजर राहावं लागतं. फोटो आणि ठसे घेतले जातात, असतील ती कागदपत्रं तपासली जातात आणि ‘अर्ज विचाराधीन आहे’ एवढं सांगणारा कागद हातात पडतो. हा झाला आश्रयार्थी. त्यानंतर दुभाष्यासह सविस्तर मुलाखत होते, तीही प्रौढांची स्वतंत्रपणे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटातलं स्थान किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे छळाची भीती आहे आणि ती साधार आहे का, हे तिथे पाहतात. गरिबी, बेरोजगारी, कर्ज एवढ्याच कारणावर दर्जा मिळत नाही. नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. तेही फेटाळलं गेलं की फाइल बंद होते.

चुका बहुतेक याच टप्प्यावर होतात. दलाल ‘हमखास चालणारी गोष्ट’ विकतो, अर्जदार ती पाठ करतो आणि तारखा, गावं, नातेवाईक यांचे तपशील विचारले की सांगणं विस्कटतं. मग त्याच्यावर खरोखर ओढवलेल्या प्रसंगावरही विश्वास उरत नाही. कुणी पासपोर्ट फाडून टाकतं, कारण ‘कागद नसला तर बरं’ असं ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात पासपोर्ट हा ओळखीचा सर्वात भक्कम पुरावा असतो. कुणाचा मोबाइल नंबर बदलतो, कार्यालयाला कळवायचं राहतं आणि मुलाखतीची तारीख निघून जाते. बाईवर अत्याचार झालेला असेल तर मुलाखत घेणारी आणि दुभाषी दोन्ही स्त्रिया असाव्यात अशी मागणी ती करू शकते. हे तिला माहीत नसतं, म्हणून ती परक्या पुरुषासमोर गप्प बसते आणि नेमका तोच भाग नोंदीतून सुटतो. मुलाखतीत सांगितलेलं मायदेशाच्या वकिलातीला कळवलं जात नाही. याची खात्री अर्जदाराला आधीच पटवून द्यायला हवी, कारण अर्धी भीती तिथेच असते.

‘घर, रेशन, दरमहा पैसे’

दिल्लीत यूएनएचसीआर निर्वासितांसाठी छावण्या चालवत नाही. लोक भाड्याच्या खोल्यांत राहतात, बरेचदा भाडेकराराशिवाय. परदेशी माणसाला जागा दिली की मालकाने २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन द्यायची असते. पुण्या-मुंबईतल्या मालकांनाही हेच लागू आहे. ही माहिती वेळेत दिली तर मालकही निर्धास्त राहतो आणि भाडेकरूही. ‘लफडं नको’ म्हणून नोंद टाळली की दोघंही अडचणीत येतात आणि घर सोडताना डिपॉझिट बुडालं तर भाडेकरूकडे दाखवायला काही नसतं.

रेशनकार्ड भारतीय नागरिकांच्या कुटुंबांना मिळतं, त्यामुळे निर्वासित कार्डावर स्वस्त धान्य नाही. रोख मदत असते, पण ती सरसकट नाही. एकटी आई, गंभीर आजारी, एकटं सापडलेलं मूल, हिंसेतून सुटलेली व्यक्ती अशांची परिस्थिती तपासून, ठरावीक काळापुरती ती दिली जाते. बहुसंख्य कार्डधारकांना ती मिळत नाही. तिचा पैसा देशोदेशींच्या सरकारांच्या आणि देणगीदारांच्या ऐच्छिक वर्गणीतून येतो, भारतातल्या करदात्याकडून नाही. उलट साबणापासून मोबाइल रिचार्जपर्यंत निर्वासित जे विकत घेतो त्यावरचा जीएसटी तो भरतच असतो.

मग ही समजूत आली कुठून? वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. तामिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळांच्या शिबिरांत राज्य सरकार रोख भत्ता देतं. २०२१ च्या वाढीनंतर तो कुटुंबप्रमुखाला महिना १,५०० रुपये, इतर प्रौढांना १,००० आणि मुलांना ५०० असा झाला. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी कुटुंबांतून उल्हासनगर उभं राहिलं, पण फाळणीत विस्थापित झालेले ते लोक भारताचे नागरिक होते. त्यांच्या भरपाईसाठी १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि तो पुढे रद्दही झाला. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवली गेली, गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ तिबेटी वसाहत आहे. हे त्या त्या समूहासाठी घेतलेले सरकारी निर्णय होते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला होता. यातलं काहीही आज दिल्लीत कार्ड मिळालेल्या म्यानमारच्या चिन समाजातल्या किंवा अफगाण कुटुंबाला लागू नाही.

‘आधार, बँक, नोकरी’

परदेशी रहिवाशाला आधारसाठी वैध पासपोर्ट आणि व्हिसा, किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. नुसतं यूएनएचसीआरचं कार्ड चालत नाही. बँकेचं आणि सिमकार्डचं गाडं पुढे तिथेच अडतं.

नोकरीची कायदेशीर वाट दीर्घ मुदतीच्या व्हिसातून जाते. निर्वासित असल्याचं सांगणाऱ्या परदेशी व्यक्तीच्या बाबतीत काय करायचं, याची कार्यपद्धती केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ च्या डिसेंबरात ठरवली. छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली तर सुरक्षा पडताळणीनंतर हा व्हिसा एकेका वर्षासाठी, एकूण पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो आणि त्यावर खासगी नोकरी व शिक्षण करता येतं. निर्णय सर्वस्वी सरकारचा असतो. यूएनचं कार्ड असलं म्हणून तो मिळेलच असं नाही. ज्यांना मिळत नाही ते शिलाई, हॉटेल, बांधकाम अशा कामांवर कागदाविना राहतात आणि मजुरी बुडाली तरी तक्रार करायला धजत नाहीत.

‘पोलीस हात लावू शकत नाहीत’

हे सर्वात घातक वाक्य आहे, कारण निर्वासितही त्यावर विश्वास ठेवतात. कार्ड म्हणजे व्हिसा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायद्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निर्वासितांना त्यातून सरसकट सूट नाही. पुण्यात शिकायला आलेल्या आणि २०२१ नंतर परतीचा रस्ता बंद झालेल्या अफगाण विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे: व्हिसा संपण्याआधी ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा. आश्रयाचा अर्ज केला म्हणून हे काम टाळू नका.

संरक्षण अजिबात नाही, असंही नाही. राज्यघटनेचे १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) हे अनुच्छेद ‘व्यक्ती’ला लागू आहेत, केवळ नागरिकाला नाही. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचं रक्षण करणं राज्यावर बंधनकारक ठरवलं. पण त्याच न्यायालयाने ८ एप्रिल २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या आदेशात म्हटलं की हद्दपार न होण्याचा हक्क देशात कुठेही राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो हक्क फक्त नागरिकांचा आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. वकिलाने पहिल्याच भेटीत कुटुंबाला ती दोन्ही सांगावीत.

अटक झाली तर कारण सांगणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक आहे. मोफत वकिलाचा हक्कही आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही आणि तिथेही शब्द ‘व्यक्ती’ असाच आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. दुभाषी लागेल हे फोनवरच सांगावं, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते.

‘दोन-चार वर्षांनी कॅनडा’

जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांचं दरवर्षी तिसऱ्या देशात पुनर्वसन होतं. त्यासाठी अर्जाचा नमुना नसतो, रांग नसते. सर्वाधिक धोक्यात असलेल्यांची नावं यूएनएचसीआर सुचवतं आणि घ्यायचं की नाही हे तो देश ठरवतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये आपला निर्वासित प्रवेश कार्यक्रम थांबवल्यावर वाट आणखी अरुंद झाली. यूएनएचसीआरच्या नोंदणीपासून पुनर्वसनापर्यंत कुठल्याही पायरीला शुल्क नाही. ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर तो फसवतो आहे.

‘आपल्या शाळा, आपले दवाखाने’

इथे मजकुरात निम्मं तथ्य आहे आणि ते लपवायचं कारण नाही. निर्वासितांची मुलं सरकारी शाळेत जाऊ शकतात, आजारी माणूस सरकारी दवाखान्यात केसपेपर काढू शकतो. ही यूएनच्या कार्डाची मेहेरबानी नाही, आपल्याच कायद्याचं म्हणणं आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयाच्या ‘प्रत्येक बालका’साठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून पहिलीत बसवायचं नाही, वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि विशेष प्रशिक्षण द्यायचं. आधारअभावी प्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलं. तरी अडतं. महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणं, आधार-प्रमाणित पटाशी जोडली गेल्याने आधार नसलेलं मूल मुख्याध्यापकांना पटावरचं ओझं वाटतं. त्यांची अडचण खरी आहे, पण तिची किंमत मुलाने मोजायची नाही. अशा वेळी तोंडी भांडू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, नकार लेखी मागावा. मग कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि पुढचं अपील राज्य बाल हक्क आयोगाकडे जातं. रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आधी शाळेकडेच जायला सांगितलं, आणि शाळेने नाकारलं तर उच्च न्यायालयात.

दवाखान्यात बाह्यरुग्ण तपासणी, मुलांचं लसीकरण, क्षयरोगाची औषधं यांसाठी नागरिकत्व विचारण्याचं कारण नाही. संसर्ग थांबवायचा तर शेजारच्या खोलीतल्या अफगाण माणसाचा क्षयही बरा करावाच लागतो. जखमी माणसाला आधी उपचार, कागद नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यापासून ठरलेलं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत मात्र कागदपत्रांच्या अटींमुळे हाताबाहेर राहतात. म्हणून डायलिसिस, कर्करोग, हृदयशस्त्रक्रिया आली की निर्वासित कुटुंब कर्जात बुडतं. ‘सगळं फुकट’चं वास्तव हे आहे.

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते जन्मनोंदीकडे. भारतात झालेला प्रत्येक जन्म, आईबाप कुठल्याही देशाचे असोत, २१ दिवसांत नोंदवायचा असतो. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. रुग्णालयात बाळंतपण झालं तर नोंद कळवणं रुग्णालयाचं काम, पण नावांचं स्पेलिंग आईच्या कार्डाप्रमाणेच आहे ना, हे डिस्चार्जआधी तपासावं. घरी बाळंतपण झालं तर कुटुंबालाच निबंधकाकडे जावं लागतं आणि ‘पोलीस धरतील’ या भीतीने ते जात नाहीत. या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही. मूल कोण, कुठे आणि कुणाच्या पोटी जन्मलं एवढंच तो सांगतो. तो नसला तर उद्या मायदेशी परतायची वेळ आली तरी हे मूल आपलंच, हे आईला सिद्ध करावं लागतं.