सौजन्य दिसतं, पावती कुठंय?

दुभाजकावर झाडं चार, प्रायोजकाच्या पाट्या सहा! सोलापुरात सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत मान वळवा, 'सौजन्य' वाचूनच पोट भरतं. पण सौजन्य कितीचं? करार किती वर्षांचा? पाटीचा आकार कुणी ठरवला, अन् त्या जागेचं जाहिरात शुल्क भरलं की माफ झालं?

महापालिकेच्या अर्थसंकल्पात शोधायला जा. प्रायोजकत्वाचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातली स्वतंत्र ओळ, दिसते का? की सगळं 'इतर किरकोळ जमा'त? लाखांची देणगी अन् रद्दीविक्री एकाच ओळीत! तेही पैसे तिजोरीत आले तर. प्रायोजकानं महोत्सवाच्या मंडपवाल्याचं बिल परस्पर भागवलं की वहीत जमाही नाही, खर्चही नाही. मग लेखापरीक्षक काय बांबू मोजणार ओ?

बाकडी दिली म्हणतात. किती, काय दरानं, मालमत्ता नोंदवहीत चढली का? मोडल्यावर दुरुस्ती मात्र आपल्या घरपट्टीतून.

वर ऐटीत म्हणायचं, 'सीएसआर आहे!', म्हणजे कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च. अहो, स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरताच येत नाही, नियमातच लिहिलंय.

मग माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 30 दिवस थांबा, उत्तर काय? 'सदर माहिती या विभागाशी संबंधित नाही.' 2005 च्या त्याच कायद्याचं कलम 4 सांगतं, अशी माहिती न मागता आपणहून जाहीर करा. देणारा, रक्कम, मुदत, बदल्यात काय दिलं, चारच रकाने. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत नाव लागलं होतं की आपलं, एवढा तक्ता संकेतस्थळावर टाकता येईना?