वझीर-ए-आझम व्हायचंय? या, बसा

पाकिस्तानचं पंतप्रधान व्हायचं तुमच्या मनात असेल तर खुशाल व्हा. पद सतत रिकामं होत असतं, ही त्यातली मोठी सोय. 1947 पासून आजवर एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही, त्यामुळे रांग भराभर पुढे सरकते. शिवाय अनुभवाची अट नाही. उलट अनुभवी माणूस म्हटला की त्याच्यावर दोन-चार खटले आधीच असतात.

सगळ्यात आधी पत्ता नीट समजून घ्या. पंतप्रधानांचं घर इस्लामाबादेत आहे आणि लष्कराचं मुख्यालय रावळपिंडीत. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला, हे आपण शाळेतच शिकलोय. इथे फक्त सातारा आणि पुणं अगदी खेटून आहेत, आणि साताऱ्याच्या गादीवरच्यांना निवडणूक लढवावी लागत नसे. तुम्हाला लागेल. घाबरू नका, त्याची काळजी घेतली जाते.

बोलताना मात्र जपा. लष्कराने हे केलं, लष्कराने ते केलं, असं भरसभेत बोलायचं नाही. ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणा. ‘फरिश्ते’ म्हणा. नवाझ शरीफ 2018 साली ‘खलाई मखलूक’, म्हणजे परग्रहावरचे जीव, म्हणत असत. त्याच निवडणुकीत मुलतानच्या त्यांच्याच एका उमेदवाराने गुप्तचर खात्याच्या माणसांनी आपल्याला मारलं, पक्षाचं तिकीट परत करायला सांगितलं, अशी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती केली: ते लोक कृषी खात्याचे होते. तेव्हापासून पाकिस्तानात कृषी खातं भलतंच कार्यक्षम समजलं जातं. कोण कुणाच्या शेतात काय पेरतो, हे कुणी विचारत नाही.

आता निवडून यायचं कसं? तुमच्या लोकप्रियतेवर विसंबू नका, प्रतिस्पर्ध्याच्या नशिबावर विसंबा. त्याचं आणि पिंडीचं, म्हणजे रावळपिंडीतल्या लष्कराचं, फाटलं की तुमचं जमलंच म्हणून समजा. 1990 मध्ये बेनझीर भुट्टो नको होत्या, म्हणून आयएसआयमार्फत त्यांच्या विरोधकांना सुमारे 14 कोटी रुपये वाटले गेले. 1996 मध्ये एका निवृत्त एअर मार्शलने सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने 2012 मध्ये ‘हो, वाटले’ असं सांगितलं. तोवर ज्यांना सत्ता मिळायची त्यांना ती मिळून, जाऊन, पुन्हा मिळून, पुन्हा गेली होती.

2018 मध्ये नवाझ शरीफ नको झाले. मुलाच्या दुबईतल्या कंपनीकडून जो पगार त्यांनी घेतलाच नाही, तो जाहीर केला नाही म्हणून आदल्या वर्षीच ते अपात्र ठरले होते. मग इम्रान खान आले. विरोधक त्यांना ‘सिलेक्टेड’ म्हणू लागले तेव्हा संसदेत हा शब्द उच्चारायलाच बंदी झाली. माजी क्रिकेट कॅप्टनला या शब्दाचा एवढा राग यावा, हे एक नवलच.

2024 मध्ये इम्रान नको झाले. निवडणुकीच्या तोंडावर आठवड्याभरात त्यांना तीन खटल्यांत शिक्षा झाल्या आणि पक्षाचं बॅट हे चिन्ह गेलं. उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहिले. कुणाच्या वाट्याला वांगं आलं, तर कुणाच्या वाट्याला आणखी काही. मतदानाच्या दिवशी मोबाइल सेवाही बंद. तरीही सर्वाधिक जागा या अपक्षांनीच जिंकल्या. ही गोष्ट मी तुम्हाला सांगतोय खरी, पण मनावर घेऊ नका. सरकार दुसऱ्यांचंच झालं. जनता कुणाला मत देते ही माहिती असावी, तिचा उपयोग व्हायलाच हवा असं नाही.

असो. तुम्ही निवडून आलात. आता तुमच्या कारकिर्दीतला एकमेव महत्त्वाचा निर्णय येईल: नवा लष्करप्रमुख कोण? बाकी अर्थसंकल्प, वीज, पीठ-साखरेचे भाव वगैरे चालू राहील. हा निर्णय मात्र शांतपणे घ्या. समोर ज्येष्ठतेची यादी येईल. तिच्यातला सगळ्यात गरीब, सगळ्यात आज्ञाधारक, ज्याचा कुणाला त्रास होणार नाही असा जनरल शोधा. पूर्वीच्यांनीही नेमकं हेच केलं होतं.

झुल्फिकार अली भुट्टो मोठे हुशार. मुंबईत कॅथेड्रल शाळेत शिकलेले, पुढे बर्कली आणि ऑक्सफर्ड. 1976 मध्ये त्यांनी कित्येक सीनियर जनरलना बाजूला सारून झिया-उल-हक यांना वर आणलं. माणूस नम्र, देवभीरू, साहेबांपुढे वाकून उभा राहणारा. 5 जुलै 1977 ला या नम्र माणसाने साहेबांना अटक केली, नव्वद दिवसांत निवडणूक घेतो म्हणाला आणि अकरा वर्षं राहिला. 4 एप्रिल 1979 ला भुट्टोंना फाशी झाली, तीही पिंडीतच. पुढे झियांनी सार्वमत घेतलं. कायदे कुराण आणि सुन्नतप्रमाणे व्हावेत हे तुम्हाला मान्य आहे का, असा प्रश्न. ‘हो’ म्हटलं की झिया आणखी पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. ‘नाही’ कोण म्हणणार?

नवाझ शरीफांनी यातून धडा घेतला. 1998 मध्ये त्यांनी दोघांना डावलून परवेझ मुशर्रफ निवडले. मुहाजिर, म्हणजे फाळणीत भारतातून गेलेला माणूस, पंजाब्यांच्या लष्करात त्याच्यामागे कोण उभं राहणार, असा हिशेब. वर्षभरात कारगिल झालं, बिनसलं, आणि 12 ऑक्टोबर 1999 ला मुशर्रफ कोलंबोहून विमानात असतानाच नवाझनी त्यांना काढून टाकलं. संध्याकाळच्या टीव्हीवर नव्या लष्करप्रमुखाचं नावही झळकलं. थोड्याच वेळात इस्लामाबादच्या टीव्ही केंद्राच्या लोखंडी फाटकावरून सैनिक आत चढताना दिसले. ते छायाचित्र जरूर पाहा. देशाची सत्ता पलटतेय आणि सैनिक कुंपण ओलांडणाऱ्या पोरांसारखे फाटकावर लटकलेत. विमानाला कराचीत उतरू दिलं नाही, म्हणून पुढे नवाझना विमान अपहरणाबद्दल जन्मठेप झाली. जमिनीवर खुर्चीत बसून विमान पळवणारे पंतप्रधान आणखी कुठल्या देशाकडे असतील असं वाटत नाही.

तिसऱ्यांदा पंतप्रधान झाल्यावर 2016 मध्ये नवाझनी जनरल बाजवा नेमले. वर्षभरात नवाझ घरी. आणि तरी, जानेवारी 2020 मध्ये बाजवांची मुदत वाढवायचं विधेयक आलं तेव्हा नवाझच्या पक्षाने त्याच्या बाजूने मत दिलं, भुट्टोंच्या पक्षानेही दिलं. ज्या संसदेत कशावरच एकमत होत नाही, तिथे ते झालं. त्याच सुमारास एक मंत्री टीव्हीवरच्या चर्चेत चक्क काळा लष्करी बूट घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. विरोधकांनी हा कसा चाटला, हे त्यांना दाखवायचं होतं. विरोधक उठून गेले. बूट टेबलावरच राहिला. आपला पक्षही त्याच रांगेत उभा होता, हे मंत्रिमहोदयांच्या लक्षात आलं नसावं.

इम्रान खानांना वाटलं, आपण आणि लष्कर ‘एकाच पानावर’ आहोत. होतेही. मग ऑक्टोबर 2021 मध्ये आयएसआयचा प्रमुख कोण, यावर त्यांनी काही दिवस सही अडवून धरली आणि पान उलटलं. लष्कर म्हणालं, आम्ही तटस्थ. इम्रान म्हणाले, तटस्थ तर जनावर असतं. एप्रिल 2022 मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला. तेव्हा सूचना अशी, की लष्कर राजकारणात ढवळाढवळ करतं ही तक्रार करू नका. ढवळाढवळ थांबवली जाते तेव्हा काय होतं, ते इम्रानना विचारा. अडियाला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली तर.

जाता जाता बाजवांनीच कबुली दिली, की सत्तर वर्षं लष्कर राजकारणात हस्तक्षेप करत होतं, तो घटनाबाह्य होता आणि आता बंद केलाय. निरोपाच्या भाषणात माणसाने मन मोकळं करावं.

कोर्टाबद्दलही निश्चिंत राहा. पाकिस्तानात न्याय मिळतोच, फक्त लाभार्थी हयात असेल याची हमी नाही. लष्करी उठाव होतो तेव्हा कोर्ट ‘गरजेचा सिद्धांत’ काढतं: झालं ते बेकायदा, पण गरजेचं, म्हणून कायदेशीर. हे 1977 मध्ये चाललं, 2000 मध्येही चाललं. याह्या खान सत्तेवरून गेल्यावर, बांगलादेश हातचा गेल्यावर, 1972 मध्ये कोर्टाला दिसलं की त्यांनी सत्ता बळकावली होती. भुट्टोंवरचा खटला निष्पक्ष नव्हता, हे सुप्रीम कोर्टाने मार्च 2024 मध्ये सांगितलं; फाशीला पंचेचाळीस वर्षं होत आली होती. मुशर्रफना राजद्रोहाबद्दल झालेली फाशीची शिक्षा त्याच कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये कायम केली. ते आदल्या फेब्रुवारीतच दुबईत वारले होते. आता ही अडचणही मिटलीय. नोव्हेंबर 2025 च्या सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने फील्ड मार्शलला खटल्यांपासून तहहयात संरक्षण दिलं. फील्ड मार्शल सध्या एकच आहेत, असीम मुनीर, म्हणजे कायदा कुणासाठी हे शोधत बसायला नको.

खर्चापाण्याच्या बाबतीत लष्कराची चिंता करू नका. फौजी फाउंडेशनचं खत आहे, सिमेंट आहे, सकाळच्या न्याहारीला कॉर्नफ्लेक्सही आहेत. बजेट मंजूर करताना आकडे मोठ्याने वाचू नका म्हणजे झालं.

आता तुमच्या जाण्याची तयारी. ती शपथविधीच्या दिवशीच सुरू करा. लंडनमध्ये एखादा फ्लॅट असावा, पण तो कुणाच्या नावावर आहे याची कागदपत्रं जपून ठेवा, नाहीतर त्याचाच खटला होतो. लंडनची परंपरा जुनी आहे. इस्कंदर मिर्झांनी 1958 मध्ये मार्शल लॉ पुकारून अयूब खानना हाताशी धरलं आणि वीसच दिवसांत अयूबनी त्यांना लंडनला रवाना केलं. तिथे गेल्यावर लोकशाहीवर भाषणं करा, जनरलांची नावं घ्या, ‘व्होट को इज्जत दो’ म्हणा. सगळं चालतं. फक्त तुमच्या जागी जो आलाय त्याचं आणि पिंडीचं कधी वाजतं, यावर नजर ठेवा. वाजतंच.

वाजलं की फोन येईल. ऑक्टोबर 2023 मध्ये नवाझ शरीफ चार वर्षांनी परतले तेव्हा अपिलाच्या कागदांसाठी बोटांचे ठसे घ्यायला सरकारी माणसं यंत्र घेऊन इस्लामाबादच्या विमानतळावरच हजर होती. ज्या देशात साध्या ओळखपत्रासाठी माणसं रांगा लावतात, तिथे. तेव्हा परदेशात असताना तब्येत सांभाळा, आणि अंगठा शाबूत ठेवा.